‘पॉर्क्युपाइन’: बर्फावर उमटलेला दक्षिणेचा सूर

कुंभकोणमला बदली होऊन आलेल्या माणसाने लिहावे ते देवळांविषयी, महामहम तलावाविषयी, फार तर तंजावरच्या सरस्वती महालातील मराठी बाडांविषयी, अशी आपल्या मासिकाच्या वाचकांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. त्या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे आणि पुढेही त्या लिहितील. मी आज लिहिणार आहे ते इंग्लंडातील लिव्हरपूल शहरातल्या चार तरुणांनी १९८३ साली काढलेल्या एका ध्वनिमुद्रिकेविषयी. ‘एको अँड द बनीमेन’ हे त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव, आणि ‘पॉर्क्युपाइन’, म्हणजे साळिंदर, हे ध्वनिमुद्रिकेचे. विषय दूरचा वाटेल, कित्येकांना या पानांवर विजोडही वाटेल. परंतु या मुद्रिकेतील सर्वांत महत्त्वाचा सूर दक्षिणेतल्या ज्या वादनपरंपरेतून आला, ती परंपरा घडत होती त्या काळात तंजावरच्या गादीवर एक मराठी राजा होता. तेव्हा हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही.

ही गाणी मी प्रथम ऐकली ती पुण्यास शिकत असताना, विलायतेहून आलेल्या एका मित्राच्या कॅसेटवर. त्या वयात गाण्यातून जे हवे असते ते सर्व त्यांत होते: आवेश, काळोख, आणि शब्दांचा अर्थ न लागल्यामुळे वाढणारी गूढता. मधूनमधून वाजणाऱ्या तंतुवाद्यांकडे मी ‘पौर्वात्य रंग’ म्हणून पाहिले आणि सोडून दिले. जेवणात वर पेरलेली कोथिंबीर पाहावी तसे ते पाहणे होते. पुढे नोकरी, बदल्या, संसार यांत ती कॅसेट हरवली. गेल्या वर्षी कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमधल्या या गावी एका संध्याकाळी मी ती गाणी पुन्हा लावली, आणि पहिल्याच गाण्याच्या पहिल्याच सुरांनी मला चकित केले. शेजारच्या घरात एक वृद्ध गृहस्थ रोज मुलांना व्हायोलिन शिकवतात. त्यांच्या खिडकीतून जे बोटांचे घसरणे महिनोन्महिने माझ्या कानावर पडत होते, तेच या विलायती गाण्यात वाजत होते. कोथिंबीर म्हणून मी जी बाजूला सारली होती, तो त्या पदार्थाचा मूळ रस होता.

या जाणिवेचे समर्थन करावयाचे तर थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडात ‘पंक’ नावाचे बंड उठले. वाद्य धड वाजवता येवो वा न येवो, ज्याच्यापाशी राग आहे त्याने व्यासपीठावर चढावे आणि तीन मिनिटांत तो ओतून मोकळे व्हावे, अशी त्याची वृत्ती होती. असे बंड फार दिवस त्याच रूपात टिकत नाही. त्यातून निघालेल्या पुढच्या पिढीला पंकचा काटेकोरपणा आणि त्याची अस्वस्थता हवी होती. पण तेवढ्यावर तिचे समाधान होईना. या पिढीच्या संगीताला ‘पोस्ट-पंक’ म्हणतात. त्यातील काहींची दृष्टी मागे, १९६६-६७ च्या ‘सायकेडेलिक’ संगीताकडे वळली. लांबवलेले नाद, प्रतिध्वनी आणि पौर्वात्य वाद्ये यांच्या साहाय्याने स्वप्नावस्थेचा भास निर्माण करणारे ते संगीत. बनीमेन हे या दोन प्रवाहांच्या संगमावर उभे आहेत. १९७८ साली लिव्हरपुलातील ‘एरिक्स’ या क्लबात ते प्रथम गायले, तेव्हा त्यांच्याकडे तालवादकही नव्हता. ठेका एका यंत्राचा होता. इयन मॅकलक गाणारा, विल सार्जंट गिटारवर, लेस पॅटिन्सन खर्जाच्या गिटारवर, आणि वर्षभरानंतर आलेला पीट डी फ्रेटस ड्रमवर, अशी ही चौकडी. डी फ्रेटसचा जन्म त्रिनिदादचा. १९८९ साली मोटारसायकलच्या अपघातात, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. ‘पॉर्क्युपाइन’ ऐकताना ही गोष्ट विसरता येत नाही, कारण मुद्रिकेतील पुष्कळशी धग त्याच्या हातांची आहे.

‘पॉर्क्युपाइन’ ही त्यांची तिसरी ध्वनिमुद्रिका. तिच्या जन्माची कथा आपल्यासारख्या सरकारी माणसांना विशेष ओळखीची वाटेल. १९८२ साली गाणी तयार करून ती कंपनीकडे सादर करण्यात आली, आणि मसुदा शेरा मारून परत यावा तशी ती परत आली. बाजारात खपण्याजोगी नाहीत, हा शेरा. सार्जंटने विरोध केला. परंतु अखेरीस चौघांनी ती गाणी पूर्वीच्याच आराखड्यावर पुन्हा मुद्रित केली. या दुसऱ्या खेपेस एका व्हायोलिनवादकाला पुन्हा बोलावण्यात आले. ‘द बॅक ऑफ लव्ह’ या आधीच निघालेल्या गाण्यात त्याने वाजवले होतेच. त्याचे नाव एल. शंकर. सतारवादक रविशंकर यांच्याशी नावापलीकडे यांचा संबंध नाही. शंकर यांचा जन्म १९५० साली मद्रासचा. वडील व्ही. लक्ष्मीनारायण हे जाफन्यात संगीत शिकवीत, त्यामुळे बालपण सिलोनात गेले. १९५८ च्या तमिळविरोधी दंगलींनंतर कुटुंब मद्रासेस परतले. पुढे शंकर अमेरिकेस गेले. तेथे जॉन मॅकलॉक्लिन या इंग्रज गिटारवादकाबरोबर, मुंबईचे झाकीर हुसेन आणि घटम् वाजवणारे विनायकराम यांच्या साथीने, ‘शक्ती’ हा वृंद त्यांनी गाजवला. म्हणजे बनीमेनकडे जो आला तो मूळचाच ठिकठिकाणी बदली झालेला माणूस होता, आणि त्याला बोलावले होते तेही काहीसे नाइलाजाने.

येथे एक रास्त शंका निघते. लिव्हरपूलला भारतीय वाद्याचे आकर्षण नवे नव्हते. त्याच शहराच्या बीटल्सनी १९६५ साली ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात सतार वाजवली. जॉर्ज हॅरिसनने पुढे रविशंकरांकडे शिक्षणही घेतले आणि १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’मध्ये एक संपूर्ण गाणे भारतीय वाद्यांवर उभे केले. हॅरिसनची निष्ठा निःसंशय आहे. पण त्याच्यामागून कित्येकांनी सतार वापरली ती अगरबत्तीसारखी: क्षणभर दरवळ यावा आणि श्रोत्याला आपण कोठे तरी ‘पूर्वेस’ आहोत असे वाटावे, एवढ्यापुरती. कंपनीच्या आज्ञेवरून, माल खपावा म्हणून बोलावलेला हा मद्रासी वादक त्याच जातीचा अलंकार नव्हे कशावरून?

उत्तरासाठी व्हायोलिनकडेच वळले पाहिजे. हे वाद्य आपल्याकडे आले ते राज्यकर्त्यांच्या वाद्यवृंदांबरोबर. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षितर यांनी मद्रासेत ते युरोपीय पद्धतीने शिकून कर्नाटक संगीतासाठी वापरले. दुसऱ्या सर्फोजी राजांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ या वर्षांत, तंजावरचा दरबार या नवलाईला अनुकूल होता. स्वतः मराठीत रचना करणाऱ्या या राजाच्या पदरी पाश्चात्य वाद्यवृंद होता, आणि पाश्चात्य संगीताच्या लेखी प्रतींचा त्यांचा संग्रह सरस्वती महालात अजून आहे. त्यांच्याच दरबारी असलेल्या ‘तंजावर बंधूं’पैकी वडिवेलु हे व्हायोलिनवर इतके प्रवीण झाले की पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ साली त्यांना हस्तिदंती व्हायोलिन दिले. राज्य तर तेव्हा नावापुरतेच उरले होते, किल्ल्याबाहेर राजाची सत्ता चालत नव्हती. आणि त्याच काळात परक्याचे वाद्य येथे घरचे होऊ लागले होते.

ते घरचे झाले कसे? बैठक बदलून. युरोपीय वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून व्हायोलिन हनुवटीखाली धरतो. दक्षिणेच्या वादकाने मांडी घातली, वाद्याचे एक टोक खांद्याशी आणि दुसरे उजव्या घोट्याशी टेकवले. एवढ्याने डावा हात वाद्य सांभाळण्याच्या कामातून मोकळा झाला आणि तारेवर लांबवर घसरू लागला. गमक नावाचे जे या संगीताचे प्राणतत्त्व, एका सुरातून दुसऱ्यात आंदोलत जाणे, ते त्या लाकडात शिरले. तारांचे लावणेही बदलले. षड्ज-पंचम, षड्ज-पंचम असे झाले. हे घसरते बोट कावेरीच्या या टापूला किती प्रिय आहे याची दुसरी खूण म्हणजे गोट्टुवाद्यम्, ज्यात पडद्यांवाचून तारेवर लाकूड सरकवीत वाजवतात. येथून जवळच असलेल्या तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव हे त्या वाद्याचे नामांकित वादक. नावावरूनच आपल्याला ओळख पटावी. आणि व्हायोलिनच्या बाबतीत तर या गावाचे नावच एका थोर वादकाने धारण केले: कुंभकोणम् राजमाणिक्कम पिळ्ळै, १९४८ चे ‘संगीत कलानिधी’.

आता ‘द कटर’ हे मुद्रिकेतील पहिले गाणे ऐकावे. कर्नाटक कचेरीत व्हायोलिनची जागा ठरलेली असते: गायकाच्या मागोमाग, त्याच्या सावलीसारखी. गायकाने आलाप करावा, व्हायोलिनने तो जपून पुन्हा मांडावा. ‘द कटर’मध्ये हा क्रम उलटा आहे. गाणाऱ्याने तोंड उघडण्यापूर्वीच व्हायोलिनचा तो वाकडा, लचकत वर जाणारा स्वरसमूह येतो, जणू दार उघडायच्या आत कोणी आत येऊन बसलेले आहे. त्यानंतर खर्जाची गिटार आणि ड्रम सुरू होतात. आणि मग मॅकलकचा भरदार आवाज येतो तो आधीच आव्हान मिळालेल्या माणसाचा. कडव्याकडव्यांमध्ये ते सूर परत येतात. गाणे प्रश्नांनी भरलेले आहे. आपण या छाटणाऱ्या हाताखालून सुटू का, आपली लायकी आहे का, असा त्यांचा रोख. गाणारा विचारतो आणि व्हायोलिन त्याला सांत्वन देत नाही. त्याची टवाळी केल्यासारखे ते पुन्हा त्याच वळणाने निघून जाते. मध्यंतरी गाणे एकाएकी विस्तीर्ण होते, आवाज मोकळ्या आकाशाखाली आल्यासारखा होतो, तेव्हा त्या विस्ताराची किंमत आपल्याला कळते, कारण तो झगडून मिळालेला असतो. हा अलंकार खास नव्हे. अलंकार काढून घेतला तर देह उरतो. येथे व्हायोलिन काढून घेतले तर गाण्यातला प्रतिपक्षच नाहीसा होईल.

दुसरे गाणे ‘द बॅक ऑफ लव्ह’ भरधाव आहे. डी फ्रेटसचे हात येथे थांबत नाहीत, आणि तंतुवाद्ये लांब स्वर सोडून तुटक तुकड्यांनी त्याच्या मागे धावतात. पहिल्या बाजूचा शेवट करणारे ‘पॉर्क्युपाइन’ हे सहा मिनिटांचे शीर्षकगीत याच्या अगदी उलट: संथ, खिन्न, स्वतःभोवती काटे उभारून बसलेले. साळिंदर हे नाव का, हे तेथे समजते. हा प्राणी हल्ला करण्यासाठी काटे उभारत नाही, भ्याल्यामुळे उभारतो. या सबंध मुद्रिकेची उग्रता त्या जातीची आहे. तरुणांचा अहंकार म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्या टीकाकारांना मला एवढेच सांगावेसे वाटते की त्यांनी काटे मोजले, भीती ऐकली नाही.

वेष्टनावरील चित्र याला पूरक आहे. आइसलंडमधील गुलफॉस हा धबधबा हिवाळ्यात गोठलेला आहे, आणि त्याच्या काठावर ही चार माणसे उभी आहेत. ब्रायन ग्रिफिन यांनी टिपलेल्या या छायाचित्रात माणसे इतकी लहान दिसतात की प्रथम नजर बर्फावरच जाते. पडता पडता थांबलेले पाणी हे या गाण्यांचे नेमके रूपक आहे: आत वेग आहे, वर गोठण. कुंभकोणमच्या मे महिन्यात, पंखा गरम हवा फिरवीत असताना, त्या गोठलेल्या पाण्यावर हा घामाच्या प्रदेशातला सूर ऐकणे हा एक विलक्षण अनुभव आहे. दोन हवामाने एकमेकांत मिसळत नाहीत; ती एकमेकांसमोर उभी राहतात.

मुद्रिकेत दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या बाजूचा आरंभ ‘हेड्स विल रोल’ने होतो आणि तेथे पौर्वात्य वळण पुन्हा भेटते, परंतु पुढची दोन-तीन गाणी एकाच छायेत वावरतात आणि श्रोत्याचे लक्ष ढळते. ‘गॉड्स विल बी गॉड्स’ संथ सुरू होऊन वेग घेत जाते, तो वेग मात्र चांगला साधला आहे. मॅकलकचे शब्द पुष्कळदा गूढ नसून केवळ धूसर आहेत. ‘माय व्हाइट डेव्हिल’मध्ये सतराव्या शतकातील नाटककार जॉन वेब्स्टर याचा उल्लेख येतो, पण त्या नाटककाराच्या दुनियेतील भीषणता गाण्यात उतरत नाही, नाव येते आणि जाते. त्या वेळच्या काही इंग्रज समीक्षकांनी मुद्रिकेला झोडपले ते अगदीच निराधार नव्हते. तरीही ती इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली आणि ‘द कटर’ आठव्यावर. म्हणजे कंपनीचा शेरा व्यवहारात खरा ठरला! पण मला त्यात समाधान वाटते ते वेगळ्या कारणाने. २००३ साली निघालेल्या वाढीव आवृत्तीत काही गाण्यांची निराळी रूपेही दिली आहेत. ती मला अधिक उघडी, अधिक सरळ वाटली. आणि ऐकताना जाणवले की या गाण्यांना खऱ्या अर्थाने हवा होता तो विरोध. तो त्यांना बाहेरून मिळाला. मिळवून देणाऱ्यांचा हेतू व्यापारी होता, ही गोष्ट त्या विरोधाचे मोल कमी करीत नाही. हुकमाने झालेल्या नेमणुकीवरही माणूस मनापासून काम करू शकतो, हे आपल्या वाचकांना मी काय सांगावे?

बहुतेक रसिक बनीमेनची श्रेष्ठ कृती म्हणून १९८४ च्या ‘ओशन रेन’चे नाव घेतात. पॅरिसमध्ये ३५ वादकांचा वृंद घेऊन मुद्रित केलेली ती गाणी सुंदर आहेत यात वाद नाही. परंतु तेथील तंतुवाद्ये गाणाऱ्यापुढे पायघड्या घालतात. तो चालतो आणि ती वाकतात. ‘पॉर्क्युपाइन’मध्ये एकटा शंकर कोणापुढे वाकत नाही. पूर्णतेच्या दृष्टीने ‘ओशन रेन’ पुढे असेल. पण जिथे दोन स्वभाव परस्परांना न जिंकता एकत्र राहतात अशी कृती विरळा, म्हणून माझा कौल या काटेरी मुद्रिकेला आहे.

हा कौल घेऊन मी एका संध्याकाळी शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडे गेलो. कपाळी विभूती, हातात पितळी डबऱ्यातली कॉफी, समोर पाटावर व्हायोलिन. माझ्या मोडक्या तमिळात विषय समजावून ‘द कटर’ लावले. मॅकलकचा आवाज येताच त्यांनी भुवया उंचावल्या, पण गाणे थांबवू दिले नाही. संपल्यावर पुन्हा लावावयास सांगितले. या खेपेस गुडघ्यावर बोटांनी ताल धरला. हा कोणता राग, असे मी विचारले. राग नाही, ते म्हणाले. रागातून उठून आलेल्या माणसाची चाल आहे. गज घाईचा आहे, त्या पोरांनी घाई करायला लावली असेल. पण बोट आपलेच आहे. आणि मग, मी न विचारता, त्यांनी वाद्य उचलून घोट्याशी टेकवले आणि ती सुरुवातीची ओळ वाजवून दाखवली, दोनदा: एकदा त्या गाण्यातल्यासारखी घाईने, आणि एकदा सावकाश, प्रत्येक सुरावर थांबत. दुसऱ्या वेळी ती मला कुंभकोणमचीच वाटली.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच: मुद्रिका मिळाली तर प्रथम वेष्टन नीट पाहावे, मग पहिली बाजू एकाच बैठकीत ऐकावी, आणि पहिल्या गाण्यातील पहिल्या सुरांपाशी आपण तरुणपणी केली असेल ती घाई करू नये. मी केली होती, आणि ती दुरुस्त होण्यास मला येथे बदली व्हावी लागली.